एका पानाचा उशीर

“केस शाम्पूने धुऊन आणा, तेल अजिबात लावू नका, रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा.” फोनवर हे मी गेली चोवीस वर्षं सांगतेय. तरी आठवड्यातून दोन-तीन पोरं चप्प तेल घालून, भांग पाडून येतातच. आईला तरी काय बोलणार? मिरजेच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे पोरगं नीटनेटकं दिसायला हवं, असं तिला वाटतं. मग मी स्पिरिटचा बोळा घेऊन टाळूवरची एकेक जागा पुसत बसते. तोवर पोरगं माझ्याकडे बघतं, मी त्याच्याकडे. आमची ओळख होते ती तेव्हाच.

एका न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात मी ईईजी काढते. गावाकडची माणसं ईईजी म्हणत नाहीत, ‘डोक्याची पट्टी’ म्हणतात. छातीची पट्टी निघते, तशी डोक्याची. आमच्याकडे जत, कवठेमहांकाळ, जयसिंगपूरकडून माणसं येतात, तशी सीमेपलीकडून अथणी, रायबाग, चिकोडीकडूनही येतात. बहुतेकांना फिट्स असतात. आणि त्यांच्यात बौद्धिक अक्षमता असलेली मुलं-माणसं पुष्कळ, कारण अशा व्यक्तींपैकी साधारण पाचांत एकाला फिट्सचा आजार असतो. मी कामाला लागले तेव्हा आमच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी ‘एम.आर.’ अशी दोन अक्षरं लिहायची पद्धत होती. बोलताना ‘मतिमंद’. २०१६ च्या कायद्याने शब्द बदलला, आता फॉर्मवर ‘आय.डी.’ असतं. बाकावर बसलेल्या आजीच्या तोंडी मात्र अजून ‘खुळं हाय’ हेच असतं, आणि ते म्हणताना तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत असतो.

पट्टी संपली, डोक्यावरची पेस्ट पुसून झाली की आई हळूच विचारते, “ताई, पट्टीत काय आलंय? डोकं किती चालतंय ह्याचं?”

रिपोर्ट सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पट्टीत बुद्धी दिसत नाही. सौम्य अक्षमता असलेल्या कितीतरी मुलांची पट्टी अगदी नॉर्मल येते, आणि बँकेत मॅनेजर असलेल्या माणसाच्या पट्टीत फिट्सच्या टोकदार लाटा सापडतात.

पट्टीत दिसते ती वीज. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तीस-पन्नास भाग टाळूपर्यंत पोहोचतात. ते एकवीस ठिकाणी वाट्यांसारखे इलेक्ट्रोड चिकटवून पकडायचे. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून हे पहिल्यांदा नोंदवलं आणि १९२९ मध्ये छापलं. स्वतःच्या मुलावरही त्याने प्रयोग केले होते. डोळे मिटून स्वस्थ पडलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा वेळा हलणारी एक संथ, गोलसर लय येते आणि डोळे उघडले की पळून जाते, हे त्याने पाहिलं. तिला त्याने अल्फा म्हटलं. चोवीस वर्षांनंतरही ती लय समोर उमटली की मला बरं वाटतं. पाणी स्थिर झाल्यावर विहिरीचा तळ दिसावा, तसं काहीतरी.

ही लय वयाने वाढते. चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला चारच्या आसपास, वर्षाच्या पोरात सहा, तीन वर्षांच्यात आठ, दहाव्या वर्षाकडे दहा. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत सरासरीने ती थोडी संथ सापडते. पण सरासरी म्हणजे पुष्कळांची मिळून. समोर बसलेल्या एका पोराची लय मोजून त्याला किती कळतं ते कुणालाच सांगता येणार नाही. हे मला पाठ होतं. तरी वागताना मी वेगळंच वागत होते.

तेव्हा आमच्याकडे कागदाचं मशीन होतं. सोळा पेनं एकाच वेळी खरखरत, आणि घडी घातलेल्या कागदाचा गठ्ठा एका बाजूने उलगडत दुसऱ्या बाजूला पडत राही. कागदाचा वेग सेकंदाला ३० मिलिमीटर. म्हणजे एका पानात दहा सेकंद. संध्याकाळी घरी गेले तरी बोटांना शाई असायची.

बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आला. निळा स्वेटर, मे महिन्यात. तो काढायचा नाही म्हणून आईने आधीच हात जोडले. इलेक्ट्रोड लावून घेतले त्याने, कुरकुर न करता. मशीन सुरू केलं आणि मी म्हटलं, “डोळे मीट.” मिटले नाहीत. “मीट ना डोळे.” नाही. “अरे, बंद कर. झोप. झोपल्यासारखं कर.” तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कागद चाललेला, पेनं खरखरतायत, बाहेर सहा पेशंट. आई म्हणाली, “त्याला काय कळतंय हो!” मी फॉर्मवर लिहिलं, ‘सहकार्य करत नाही’, आणि झोपेचं गोड औषध मागवलं. हे शब्द मी त्याआधी किती फॉर्मांवर लिहिले असतील, देव जाणे.

त्या दिवशी मुलाबरोबर त्याच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. विशेष शाळेत शिकवणाऱ्या, साठीकडे झुकलेल्या. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, “औषध थांबवा जरा. तुम्ही त्याला एक नाही, पाच गोष्टी सांगितल्यात.”

मला राग आला. मी तर एकच गोष्ट सांगत होते.

“तुमच्यासाठी एक,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासाठी प्रत्येक वाक्य नवं. पहिलं उलगडत असतो तोवर तुम्ही दुसरं टाकता. मग तो पुन्हा पहिल्यापासून. एकदाच सांगा आणि गप्प बसा.”

मी पुन्हा मशीन सुरू केलं. “डोळे मीट,” असं एकदाच म्हटलं आणि कागदावर त्या क्षणी पेनने खूण केली. मग गप्प. गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. कागद सरकत राहिला. एक सेकंद, दोन, तीन. आई बोलायला लागली, बाईंनी तिला हाताने थांबवलं. चार. पाच. मुलाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग कपाळाच्या ओळींवरची पेनं एकदम खाली झुकली. पापण्या मिटताना बुबुळं वर फिरतात, तेव्हा ती तशी झुकतात. आणि लगेच मागच्या ओळींवर अल्फा. गोल, शांत, सेकंदाला नऊ.

नंतर मी फूटपट्टी घेऊन मोजलं. माझ्या खुणेपासून पेन झुकेपर्यंत २१ सेंटिमीटर. म्हणजे सात सेकंद. इतर मुलं तेच काम तीन-चार सेंटिमीटरमध्ये उरकतात. दुसऱ्या खेपेला त्याला १८ सेंटिमीटर लागले, तिसऱ्या खेपेला १४.

सांगितलेलं त्याला कळलं होतं. फक्त कळणं आणि करणं यांच्यामध्ये जवळपास एक पान कागद होता, आणि आजवर मी ते पान उलटायच्या आतच निकाल लिहून मोकळी होत होते. बाई जाताना म्हणाल्या, “मंद म्हणजे हळू एवढंच. आपण त्याचा अर्थ ‘नाही’ असा करून ठेवलाय.”

त्यानंतर मी डॉक्टरांना चहाच्या वेळी छळायला लागले. हा उशीर कुठे होतो? डॉक्टर मुळात शिकवण्याची हौस असलेले. त्यांनी सांगितलं की याची कारणं शेकडो आहेत आणि एकाच जागी बोट ठेवता येत नाही. पण एक गोष्ट त्यांनी कागदावर काढून दाखवली. मेंदूच्या पेशींना फांद्या असतात आणि फांद्यांवर बारीक कोंब. दुसऱ्या पेशीकडून आलेला निरोप पुष्कळदा या कोंबांवर उतरतो. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉमिनिक परप्युरा यांनी गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मेंदूतले कोंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आखूड, जाड कोंब कमी होते, लांब आणि लुकडे जास्त. सावलीत वाढलेलं रोप जसं उंच आणि बारीक होतं, तसे. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक प्रकारातही पुढे असेच कोंब सापडले. त्याचं जनुक १९९१ मध्ये कळलं. निरोप पोहोचतो, पण उतरायची जागा तितकी पक्की नसते.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र माझा चहा गार झाला. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड हायर यांनी १९८८ मध्ये कोडी सोडवणाऱ्या माणसांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं. मेंदू किती साखर जाळतो ते त्यात दिसतं. ज्यांना जास्त गुण मिळाले त्यांच्या मेंदूने कमी साखर जाळली होती. १९९२ मध्ये त्यांनी लोकांना टेट्रिस हा व्हिडिओ गेम खेळायला लावला. काही आठवड्यांच्या सरावानंतर खेळ सुधारला आणि साखर कमी लागली. मग १९९५ मध्ये डाउन सिंड्रोम आणि सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना लक्ष देण्याचं एक काम दिलं. त्यांच्या मेंदूने इतरांपेक्षा जास्त साखर जाळली.

जास्त! माझ्या डोक्यात इतकी वर्षं उलटं चित्र होतं, अर्धवट झोपलेल्या, दिवे मालवलेल्या घरासारखं. इथे तर सगळे दिवे चालू होते. हे अभ्यास थोड्या माणसांवरचे आहेत, प्रत्येक पोराला ते लागू होतील असं नाही, हे डॉक्टरांनी लगेच बजावलं. पण निळ्या स्वेटरच्या मुलाच्या कपाळावर त्या सात सेकंदांत आलेला घाम मला आठवला. मी त्याचं खापर स्वेटरवर फोडलं होतं.

आमच्या खोलीशेजारी आठवड्यातून दोनदा मानसशास्त्रज्ञ बसतात. ‘आयक्यू काढायला’ आलेली माणसं तिकडे, पट्टीवाली इकडे, बाक एकच. भिंत पातळ आहे, त्यामुळे त्यांचे प्रश्न मला ऐकू येतात. त्या वापरतात ती बिने-कामत चाचणी. मूळ पॅरिसमधली, आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करण्यासाठी केलेली. ती अमेरिकेत गेली, आणि तिथून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. मिरजेत बसणाऱ्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते या समजुतीला बिने यांचा स्वतःचा विरोध होता, हे मात्र त्यांच्या चाचणीचा आकडा खिशात घेऊन जाणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

भाषेवरून आठवलं. अथणीकडचा एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा. मी शहाणी झाले होते, एकदाच सांगून एक अख्खं पान थांबले, दोन पानं थांबले. काही नाही. पुन्हा फॉर्मकडे हात गेला. तेवढ्यात त्याची आजी बाहेरून म्हणाली, “कण्णु मुच्चु.” मुलाने डोळे मिटले, माझ्या इतर पेशंटांइतक्याच वेळात. मी मराठीत थांबले होते. आता ड्रॉवरच्या आतल्या बाजूला पाच-सहा कन्नड वाक्यं देवनागरीत लिहून चिकटवली आहेत. माझा उच्चार ऐकून पोरं हसतात, ते एक बरंच आहे.

आकड्याची आणखी एक गोष्ट. अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर टक्के लिहितात. सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. एकदा एक वडील बाकावर बसून कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. मला म्हणाले, “ताई, पंच्याहत्तर टक्के पडलं पोराला. आमच्या घरात एवढं कुणालाच नव्हतं पडलं.” मी काहीच बोलले नाही. मानसशास्त्रज्ञांनी त्यांना आत बोलावून समजावलं असणार, कारण बाहेर आले तेव्हा कागद खिशात घडी घालून गेला होता. दिवसभर मला वाटत राहिलं, त्यांना बसस्टँडपर्यंत तरी तो आनंद मिळायला हवा होता.

आणि डाउन सिंड्रोम असलेली ती मुलगी. पंधरा वर्षांची, शाळेत कापडी पिशव्यांना बंद लावणारी. शेजारच्या खोलीत तिला आकडे म्हणायला लावले होते. ‘पाच, दोन, आठ’ म्हटलं की ती ‘आठ’ म्हणे. डाउनमध्ये कानाने ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवणं अवघड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि जागेचं स्मरण त्यामानाने बरं असतं. पण हे मी तेव्हा वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं.

तिची पट्टी सुरू झाली आणि डाव्या बाजूच्या एका ओळीत नुसता भोंगा. जाड काळी रेघ. लाइटच्या वायरचा पन्नास सायकलचा अडथळा, म्हणजे कुठला तरी इलेक्ट्रोड सुटलाय किंवा वायर तुटलीय. मी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, आईचा मोबाइल बाहेर ठेवायला लावला, जोडणीच्या डब्यातली पिन काढून पुन्हा घातली. दहा मिनिटं गेली. मुलगी पडल्या पडल्या माझी धावपळ बघत होती. मग तिने हात वर केला, डाव्या कानाच्या मागे वर बोट टेकवलं आणि म्हणाली, “हितं न्हाई.” मग उजव्या बाजूला बरोबर तीच जागा दाखवली. “हितं हाय.”

केसांखाली इलेक्ट्रोड घसरला होता. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं, मला सापडला नव्हता. ती आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजू मनातल्या मनात जुळवून बघत होती. मी इलेक्ट्रोड नीट बसवला, भोंगा गेला. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा मी न मागता तिने ड्रॉवरमधून पेस्टची डबी काढून दिली. दुसऱ्या ड्रॉवरमधून, डावीकडच्या कोपऱ्यातून. तिच्या फाइलमध्ये ‘आकडे स्मरण’ या ओळीपुढे जे लिहिलंय ते खरंच आहे. या डबीसाठी मात्र फाइलमध्ये ओळच नाही. नाही म्हणायला नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी आपल्याकडच्या मुलांसाठी बेतलेली व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची चाचणी थोडी तिकडे वळते. मूल बटण लावतं का, एकटं दुकानात जातं का, असं ती आईला विचारते. पण तीही आईच्या तोंडून.

पट्टी अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र कुणी समजू नये. वर्गात क्षणभर हरवणारं, ‘लक्ष नाही’ म्हणून मार खाणारं पोर येतं. मी त्याला कागदी भिंगरीवर तीन मिनिटं फुंकर मारायला लावते आणि मध्येच भिंगरी थांबते. पट्टीवर सेकंदाला तीनच्या तालात शिखर आणि लाट, शिखर आणि लाट. ते मंद नाही आणि उनाडही नाही, त्याला फिट येतेय. औषधाने ती बहुतेक वेळा थांबते. आणि त्याहून घाई असते ती तान्ह्या बाळांची. पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर सलाम केल्यासारखं एकामागून एक झटके देत मान आणि हात पुढे टाकतं. डॉ. वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाबद्दल हे पहिल्यांदा लिहिलं. आपल्याकडे ‘दचकतंय’, ‘पोटात गॅस हाय’, ‘नजर लागली’ म्हणत आठवडे जातात, महिने जातात. त्या बाळाची पट्टी बघितली की अक्षरशः वादळ असतं, कुठलीच लय सापडत नाही. उपचार जितका लवकर, तितका पुढे मेंदू वाचण्याचा संभव जास्त. अशी बाळं माझ्या टेबलावर दोन-दोन महिने उशिरा येतात, तेव्हा मला कुणावर रागवावं तेच कळत नाही. बाळ असं दचकत असेल तर मोबाइलवर शूटिंग घ्या आणि त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता मशीन कॉम्प्युटरचं आहे. शाई नाही, खरखर नाही. पडद्यावर मात्र अजूनही एका पानात दहाच सेकंद असतात. माझी सवय तीच आहे. एकदा सांगायचं आणि पान उलटेपर्यंत तोंड बंद. नव्या मुली शिकायला येतात, त्यांना सगळ्यात अवघड हेच जातं. इलेक्ट्रोड त्या चार दिवसांत शिकतात.

रिसेप्शनवर पेशंटसाठी छापलेला सूचनांचा कागद असतो. त्यात तीन ओळी आहेत. केस धुऊन आणा. तेल लावू नका. रात्री उशिरा झोपवा. त्याखाली मी निळ्या पेनने चौथी लिहिते, “मुलाला काही विचारलं तर दहा सेकंद थांबा, उत्तर त्यालाच देऊ द्या.” पुढच्या वेळी कागद छापताना ही ओळ घाला असं माझं दोनदा सांगून झालं. अजून छापलेली नाही. त्यामुळे रोज सकाळी आठ-दहा कागदांवर ती हाताने लिहावी लागते.